थायलंडच्या फुकटच्या फॉर्मला आम्ही १३,९७० रुपये मोजले

आधीच कबूल करते की चूक माझी आहे. मिस्टर शेजारी बसून 'नीट वाच गं' म्हणत होते आणि मी त्यांनाच गप्प केलं.

आमचं गुहागर तालुक्यात छोटं होमस्टे आहे, चार खोल्या आणि मागे सुपारीची वाडी. २०२५ च्या मे महिन्यात २० तारखेनंतर जो पाऊस लागला तो थांबायचं नावच घेईना, मॉन्सूनच मेमध्ये कोकणात दाखल झाला, गेस्टनी धडाधड बुकिंग कॅन्सल केली, आणि एरवी मे म्हणजे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते ते आम्ही ओटीवर बसून पागोळ्या मोजत होतो. थायलंडची तिकिटं मात्र कधीच काढून ठेवलेली, ५ जूनची, मुंबई ते बँकॉक. मी, मिस्टर, लेक आणि सासूबाई. शाळा १६ जूनला सुरू, त्याच्या आत परत यायचं. सासूबाई तर पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या.

व्हिसा लागत नाही हे माहीत होतं. पण व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलं की १ मेपासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात त्याला, पूर्वीच्या कागदी टीएम सिक्स फॉर्मच्या जागी आलंय. बातमी खरीच होती. म्हटलं रिकामीच बसलेय तर हे उरकून टाकू.

२४ मे, शनिवार, संध्याकाळ. लाईट दुपारपासून गेलेली, फोन १८ टक्क्यांवर, आणि आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येते, तिथे खुर्ची टाकून बसले. सर्च केलं, पहिलंच नाव आलं त्याच्यावर टॅप केलं. त्या नावाच्या वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड', म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात, असं लिहिलेलं होतं ते मला नंतर दुसऱ्या कुणी दाखवल्यावर दिसलं. साईटवर थायलंडचा झेंडा, सोनेरी बोधचिन्हासारखं काहीतरी, अॅड्रेसमध्ये थायलंड पण होतं, टीडीएसी पण होतं, फक्त शेवट डॉट कॉमने होत होता. तेवढं कोण बघतंय.

फॉर्म मोठा होता. नाव, पासपोर्ट नंबर, फ्लाईट नंबर, हॉटेलचा पत्ता, व्यवसाय, मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या देशात होतात, हे सगळं चौघांचं. शिवाय पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आणि प्रत्येकाचा सेल्फी. सासूबाईंना कंदिलाच्या उजेडात भिंतीला टेकवून फोटो काढला, त्या म्हणाल्या 'अगो, पदर तरी नीट करू दे', आणि वर घड्याळ उलटं चालू, सेशन संपायला १४ मिनिटं, ११ मिनिटं, ९ मिनिटं. एकदा रेंज गेली आणि परत पहिल्यापासून भरलं. असं करत पाऊण तास गेला आणि मग शेवटच्या पानावर पैसे आले, तोपर्यंत पैशाचा उल्लेखही नव्हता बरं का. माणशी २९ डॉलर, त्याच्यावर एक्सप्रेस प्रोसेसिंगचे १० डॉलर, त्या एक्सप्रेसवर टिक आधीच मारलेली. चौघांचे १५६ डॉलर.

इथे मी थांबायला हवं होतं, खरं सांगते थांबलेही होते. मिस्टर म्हणाले एवढे? पण शेजारच्या वाडीतले लोक आदल्या वर्षी व्हिएतनामला गेले तेव्हा ई-व्हिसाचे २५ डॉलर भरलेले मला माहीत होतं, ती तिथली खरी सरकारी फी आहे, म्हणून ३९ काही अगदीच अशक्य वाटले नाहीत. आणि पाऊण तास घालवलेला, फोन ६ टक्क्यांवर, परत कोण भरणार. ट्रिपसाठी म्हणून कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार मी आदल्याच आठवड्यात चालू करून ठेवले होते. नंबर टाकला, ओटीपी नाही काही नाही, बटण दाबलं की पैसे गेले. परदेशी साईटवर ओटीपी न विचारता पैसे जाऊ शकतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. बँकेचं मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा जादा आकार, आणि त्यावरचा जीएसटी धरून १३,९७० रुपये.

दोन दिवसांनी नणंदेच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, तो नुकताच बँकॉकला जाऊन आलेला. मी मोठ्या फुशारकीने सांगितलं की आमचं टीडीएसी पण झालं. तो म्हणाला, 'मामी, कसं झालं? ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं, आणि किती पैसे म्हणालीस? ते फुकट असतं गं.' मी काहीच बोलले नाही. तो दोन वेळा हॅलो हॅलो म्हणाला.

मग त्याने खरी साईट पाठवली, थायलंडच्या इमिग्रेशनची, तिचा शेवट डॉट गो डॉट टीएच असा होतो, आपल्याकडे सरकारी साईटला डॉट गव्ह डॉट इन असतं तसं. आणि त्या पहिल्या साईटवर परत जाऊन अगदी तळाशी बघ म्हणाला. तिथे करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की आम्ही खासगी कंपनी आहोत, कुठल्याही सरकारशी आमचा संबंध नाही, हाच फॉर्म सरकारी साईटवर विनामूल्य मिळतो. म्हणजे त्यांनी सांगितलेलं होतं! खरा घोळ इथेच आहे, कारण पुढे जिथे जिथे गेले तिथे हीच ओळ माझ्या तोंडावर मारली गेली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. बँकेत गेले, मी वाचून गेले होते की तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता, म्हणाला, 'ताई, तो नियम तुम्ही न केलेल्या व्यवहाराला, हा तर तुम्ही स्वतः केलाय.' तरी त्याने डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहारावर हरकत घ्यायचा अर्ज, भरून घेतला आणि कार्ड ब्लॉक करून दुसरं मागवलं. कंपनीला मेल केला तर तीन तासांत उत्तर, गोड इंग्रजीत, की डिस्प्यूट मागे घ्याल तर सदिच्छा म्हणून २० टक्के परत करू. मी नाही म्हटलं. महिन्याभराने बँकेचा मेल आला की समोरच्या पार्टीने सेवा दिल्याचा पुरावा दिला आहे, केस बंद. मिस्टर अजून म्हणतात २० टक्के घ्यायला हवे होते, आणि हिशोबाने त्यांचंच बरोबर आहे.

पुरावा म्हणजे काय, तर त्यांनी पाठवलेली पीडीएफ. ती आली २ जूनला. २४ तासांच्या एक्सप्रेसचे चाळीस डॉलर घेऊन नऊ दिवसांनी, कारण खरी साईट त्याआधी आमच्या तारखेचा फॉर्म घेतच नव्हती. म्हणजे आमचाच फॉर्म त्यांच्याकडचं कुणीतरी त्या फुकटच्या साईटवर टाईप करत होतं. आम्हीही त्याच दिवशी सकाळी खऱ्या साईटवर चौघांचं भरून टाकलं होतं, वीस मिनिटं लागली, पासपोर्टचा फोटो न देता नुसते नंबर टाकून झालं, क्यूआर कोड मेलवर हजर. दोन्ही प्रिंट ओटीवर शेजारी शेजारी ठेवून लेकीने ताडून बघितले तर त्यांच्या प्रिंटवर सासूबाईंच्या पासपोर्ट नंबरातलं पहिलं अक्षरच गायब, नुसते सात आकडे. ते प्रिंट घेऊन आम्ही एअरपोर्टवर गेलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे.

ट्रिप छान झाली, त्याचं वेगळं लिहीन. पण चार पासपोर्टांचे आणि चार चेहऱ्यांचे फोटो त्या लोकांकडे पडून आहेत ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त सलते, लेक तर बारा वर्षांची आहे.

लाज वाटायचं कारण आणखी एक आहे. आमच्या होमस्टेच्या फोटोंची चोरी करून कुणीतरी खोटं पेज काढलं होतं आणि त्यावर अॅडव्हान्स भरून एक फॅमिली रात्री साडेनऊला धोपाव्याच्या फेरीबोटीने दारात येऊन उभी राहिली होती. तेव्हा मीच त्यांना ऐकवलं होतं की अहो, पैसे टाकायच्या आधी एक फोन तर करायचा. मी फसल्याचं कळलं त्या रात्री सासूबाईंनी नेमकं तेच मला ऐकवलं. वर म्हणाल्या, 'एसटीचा कंडक्टरसुद्धा आधी कुठे जायचं विचारतो मग पैसे घेतो.'

आता दिवाळीत एक पुण्याचं जोडपं आलं होतं. रात्री वाढताना कानावर पडलं की पुढच्या महिन्यात सिंगापूरला जायचंय आणि आजच ते अरायव्हल कार्ड भरून टाकू, नवरा फोनवर सर्च करतच होता. सिंगापूरचंही फुकट असतं, तेही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं. मी सोलकढीचं भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातला फोन बघू का म्हणून मागितला. वरून पहिलंच नाव, स्पॉन्सर्ड, झेंडा वगैरे सगळं. तळाशी स्क्रोल करून ती करडी ओळ दाखवली, बायकोने चष्मा लावून मोठ्याने वाचली. भाकऱ्या गार झाल्या, परत गरम भाजून दिल्या.