घोडबंदर रोड ते महापे: ९,३०० किलोमीटर, एक पावसाळा आणि मोटारसायकलची चेन

मागच्या मे महिन्याच्या अखेरीस मी माझ्या १५० सीसी मोटारसायकलला नवा चेनसेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढचे-मागचे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट) बसवून घेतला आणि त्या दिवसापासून चेनची सगळी देखभाल गॅरेजवर न सोडता स्वतः करायची असे ठरवले. आता फेब्रुवारी संपत आला आहे आणि त्या चेनवर ९,३०० किलोमीटर झाले आहेत. माझा रोजचा रस्ता ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या पातलीपाड्याहून कापूरबावडी, कळवा पूल, विटावा, दिघा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीपर्यंत असा आहे; जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर पडतात. या नऊ महिन्यांत मी दोन वंगणे वापरली, पावसाळ्यात चेन ल्यूबचा फवारा आणि कोरड्या दिवसांत ९० नंबरचे गिअर ऑइल. दोन्हींविषयी माझे मत आता पक्के झाले आहे, पण त्याआधी पहिल्या चेनचे काय झाले ते सांगायला हवे.

पहिला चेनसेट १४,००० किलोमीटरवरच संपला. दर सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये चेनवर ब्रशने जळके इंजिन ऑइल मारले जात असे आणि चेन काळी, ओली दिसली की काम झाले असे मी समजत असे. जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, आणि तेच आपण चेनमधल्या फिरत्या रोलरवर लावत असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पुढे चेन खडखडू लागली म्हणून तक्रार केली, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने ती इतकी ताणून दिली की खालच्या बाजूने बोटाने दाबली तर जेमतेम सेंटीमीटरभर हलत होती. "मॅडम, चेन टाईट असली की आवाज येत नाही," असे त्याने सांगितले, आणि आवाज खरोखरच थांबला. तीन आठवड्यांनी मागच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, चाक उघडले तर बेअरिंग गेलेले निघाले, आणि चेन तपासली तर एका जागी घट्ट व दुसऱ्या जागी लोंबती अशी तिची अवस्था झाली होती.

ताणलेल्या चेनने बेअरिंग का जाते, हे समजून घेतल्यावर मला त्या मेकॅनिकच्या सल्ल्यातली चूक नेमकी कळली. मागचे चाक ज्या स्विंगआर्मवर बसवलेले असते तो खड्ड्यात किंवा गतिरोधकावर वर-खाली होतो. गाडी उभी असताना चाक खाली असते. आपण बसलो आणि सस्पेन्शन दबले की पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येऊ लागतात, आणि ते तिन्ही एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त अंतर कापावे लागते. म्हणजेच उभ्या गाडीत जी ढिलाई दिसते ती धावत्या गाडीची गरज असते. ती ठेवलीच नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चेन पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टला आणि मागच्या बेअरिंगला ओढते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे रस्ता कसा आहे हे इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत २० ते ३० मिलिमीटर ढिलाई सांगितली आहे आणि मी ती २५ च्या आसपास ठेवते; खूप सैल चेनही वाईटच, कारण ती झटके देते, स्विंगआर्मवर आपटते आणि दातांवरून निसटूही शकते.

नवी चेन ओ-रिंगची आहे. तिच्या प्रत्येक खिळ्याभोवती कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते आत राहावे म्हणून आतल्या व बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबराची बारीक कडी बसवलेली असतात. बाहेरून आपण जे वंगण लावतो ते खिळ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याचे काम रोलर आणि दात यांच्यातले घर्षण कमी करणे, गंज रोखणे आणि ती रबराची कडी सुकू न देणे एवढेच असते. म्हणून मला वाटते की ओ-रिंग चेनच्या बाबतीत "कोणते वंगण चांगले" यापेक्षा "कडी शाबूत कशी राहतील" हा प्रश्न मोठा आहे. पेट्रोलने चेन धुतली की ती कडी खराब होतात, तारेच्या ब्रशने ती कापली जातात आणि वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्याचा फवारा जवळून चेनवर धरला तर पाणी त्यांच्या आत शिरते. एकदा आतले ग्रीस गेले की वरून काहीही लावून ते परत भरता येत नाही. आता गाडी धुवायला दिली तरी चेनवर पाइप धरू नका, असे मी आधीच सांगते.

साफसफाईसाठी पुस्तिकेत रॉकेल सांगितले आहे, पण ते मला जवळपास मिळाले नाही, म्हणून ओ-रिंगला चालणारा चेन क्लीनर घेतला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा पसरते, गाडी डबल स्टँडवर घेते, नायलॉनचा मऊ ब्रश चारही बाजूंनी फिरवते आणि जुन्या सुती फडक्याने चेन पुसून कोरडी करते. यात वीस मिनिटे जातात. गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवायचे, हे मी अगदी कळकळीने सांगते. इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये चाक फिरते ठेवायचे आणि त्यावर फडके धरायचे, हा प्रकार मी पार्किंगमध्ये डोळ्यांदेखत पाहिला आहे. फडके चेन आणि दातांमध्ये ओढले गेले की त्याच्याबरोबर बोटही जाते, आणि हात मागे घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही.

जून ते सप्टेंबर मी फवारा वापरला. ४२० रुपयांना घेतलेला ५०० मिलीचा डबा जेमतेम सप्टेंबरअखेर पुरला. चेन गरम असताना, म्हणजे घरी पोहोचल्या पोहोचल्या, खालच्या बाजूच्या चेनवर आतून, दातांकडच्या अंगाने फवारायचे. चेन फिरताना वंगण बाहेरच्या दिशेने फेकले जाते, त्यामुळे आतून मारलेले सगळीकडे पसरते. नंतर रात्रभर तसेच ठेवले की त्यातला द्रव उडून जातो आणि चिकट थर उरतो. हा चिकटपणा पावसात फार उपयोगी पडला. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले असेल आणि त्यातून गाडी काढावी लागली, तरी दुसऱ्या दिवशी रोलरवर बोट फिरवले की थर हाताला लागत असे. मात्र पुस्तिकेत लिहिलेले ५०० किलोमीटरचे अंतर जुलैमध्ये अजिबात पुरले नाही. त्या महिन्यात मी दर चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण २०० किलोमीटरवर वंगण लावत होते, आणि एकदा सलग आठवडाभर राहून गेले तेव्हा बाहेरच्या पट्ट्यांवर तांबूस गंजाची रेघ दिसू लागली.

ऑक्टोबर लागला आणि त्याच फवाऱ्याचा दोष समोर आला. पाऊस थांबल्यावर रस्त्यावर उरलेली माती, सिमेंटची धूळ आणि ट्रकच्या चाकांनी उडणारी बारीक वाळू त्या चिकट थरात रुतून बसू लागली. एका रविवारी मागच्या स्प्रॉकेटवरून बोट फिरवले, तर बोटाला लागलेली काळी लगदी दोन बोटांत चोळताना खरखरत होती. ती चेनवर ठेवणे म्हणजे रोलरला पॉलिश पेपर लावण्यासारखेच होते. त्या दिवशी सगळे साफ केले आणि गिअर ऑइलकडे वळले. जुन्या टूथब्रशने पातळ हात मारायचा, अर्धा तास थांबायचे आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे पुसून टाकायचे, इतके की पट्ट्या कोरड्या दिसाव्यात. पुसायचा कंटाळा केला तर रिमवर, नंबर प्लेटवर आणि पँटवर ठिपके उडतात. पहिल्या दोन खेपेला ते झाले. पुसायला लागल्यापासून ठिपके थांबले आणि धूळही फार कमी धरते आहे. एक लिटरच्या डब्यातले पाच महिन्यांत पाव लिटरही संपलेले नाही. पावसात मात्र गिअर ऑइल माझ्या कामाचे नाही, कारण जूनमध्ये एकदा लावून पाहिले होते आणि ऐरोलीला पोहोचेपर्यंत चेन धुतल्यासारखी कोरडी झाली होती.

ढिलाई मोजायला मला आमच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवले. ते वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षे फिटर होते. मी चेन एका ठिकाणी दाबून मोजपट्टी धरली होती, तेव्हा ते म्हणाले, "अगं, एका जागी बघून काय कळणार? चाक फिरव, सगळीकडे बघ, आणि जिथे सगळ्यात कडक लागेल तिथे माप घे." चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून कडक जागेवर माप बरोबर ठेवले नाही तर बाकी ठिकाणी ते बरोबर असून उपयोग नसतो. एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे आणि स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळवायच्या, नाहीतर चाक तिरके बसते. नट पक्का केल्यावर काकांनी माप पुन्हा घ्यायला लावले, आणि ते खरोखरच दोन मिलिमीटरने बदलले होते. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे. चाक मागे सरकले की ब्रेकचा दांडाही ओढला जातो, त्यामुळे पेडलची ढिलाई त्याच वेळी तपासावी लागते. नव्या चेनला पहिल्या ६०० किलोमीटरवरच ताणावे लागले, नंतर नऊ महिन्यांत फक्त दोनदा.

झीज मोजण्याची पद्धतही त्यांचीच. माझी चेन ४२८ मापाची आहे, म्हणजे एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंत १२.७ मिलिमीटर. चेन ओढून ताठ धरायची आणि २१ खिळे मोजायचे, म्हणजे २० जोडांचे अंतर मिळते. नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर असते आणि माझ्या पुस्तिकेत २५९ ही मर्यादा दिली आहे. "चेन ताणली" असे आपण म्हणतो, पण चेनची पट्टी लांब होत नसते. खिळा आणि त्याभोवतीची बुश झिजून प्रत्येक जोडावर किंचित मोकळीक तयार होते आणि वीस जोडांची ती मोकळीक एकत्र दिसते. जुनी चेन मी फेकली नव्हती. ती २६१ भरली. नवी चेन गेल्या रविवारी २५५ भरली, म्हणजे एका जोडामागे अवघे ०.०५ मिलिमीटर. स्प्रॉकेटच्या दातांची टोकेही अजून सरळ आहेत. जुन्या सेटमध्ये पुढच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळलेले होते. पुढे १५ दात आणि मागे ४३ असल्यामुळे पुढच्या प्रत्येक दातावर जवळजवळ तिप्पट वेळा रोलर येतो, म्हणून झीज पाहायची ती पुढचे कव्हर काढूनच.

खर्चाचे म्हणाल तर फवारा, गिअर ऑइल, क्लीनर आणि ब्रश मिळून मला १,३०० रुपयांच्या आत पडले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चेन पूर्ण साफ करून गिअर ऑइलचा थर काढून टाकणार आहे, २१ खिळ्यांचे माप पुन्हा घेणार आहे आणि पावसाळ्यासाठी फवाऱ्याचे दोन डबे आधीच आणून ठेवणार आहे.