बेलग्रेडमधली तीन स्मृतिस्थळे: टेस्ला, आंद्रिच आणि टिटो, कुठे किती वेळ द्यावा

सर्बियाची राजधानी बेलग्रेडसाठी एकच दिवस हाताशी असला की बहुतेक पर्यटक सकाळी निकोला टेस्ला संग्रहालयाची रांग धरतात आणि संध्याकाळी कालेमेग्दान किल्ल्यावर जातात. दोन्ही पाहण्यासारखे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या शहरात प्रत्यक्ष राहिलेला माणूस भेटायचा असेल, तर लेखक इवो आंद्रिच यांचे घर टाळून चालणार नाही. टेस्ला बेलग्रेडला कधी राहिले नाहीत. जून 1892 मध्ये ते इथे आले, राजाला भेटले, ‘वेलिका श्कोला’ या त्या काळच्या उच्चशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांशी बोलले आणि परतले. सगळा मुक्काम दोन दिवसांच्या आतबाहेरचा. त्यानंतर त्यांचे येणे झाले नाही. 1943 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. पुतण्या-भाच्यांपैकी साव्हा कोसानोविच यांनी खटपट करून त्यांची कागदपत्रे आणि वस्तू 1951 मध्ये बेलग्रेडला आणवल्या, आणि 1957 मध्ये अस्थीही आल्या. पाहुणा कायमचा रहिवासी झाला तो असा.

टेस्ला संग्रहालय क्रुन्स्का रस्त्यावर 51 क्रमांकाच्या बंगल्यात आहे. राजकारणी ज्योर्जे गेन्चिच यांच्यासाठी वास्तुविशारद द्रागिशा ब्राशोव्हान यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस तो बांधला. संग्रहालयाची स्थापना डिसेंबर 1952 मधली. जागा लहान आहे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे. भेट मार्गदर्शकासोबतच्या फेरीने होते. इंग्रजी आणि सर्बियन फेऱ्या वेगळ्या असतात, म्हणून तिकीट काढताना पुढची इंग्रजी फेरी किती वाजता आहे ते आधी विचारा. सुरुवातीला छोटा माहितीपट, मग प्रयोग, शेवटी वैयक्तिक वस्तू आणि कलश. जवळ रोख दिनार ठेवा. सोमवारी जायचे असेल तर संग्रहालय उघडे आहे का ते आधी पाहा. उन्हाळ्यात दुपारी जाण्यापेक्षा दार उघडतानाची पहिली फेरी गाठलेली बरी.

तिकिटाचे पैसे वसूल होतात ते प्रयोगांत. टेस्ला ट्रान्सफॉर्मर सुरू करण्याआधी मार्गदर्शक काही प्रेक्षकांच्या हातात साध्या ट्यूबलाइट देतो. ट्यूब कशालाच जोडलेली नसते. गुंडाळीच्या टोकाशी लाखो व्होल्टचा, अतिशय जलद उलटसुलट होणारा दाब तयार होतो. त्याच्या विद्युतक्षेत्राने ट्यूबमधला वायू उत्तेजित होतो आणि ट्यूब पेटते. इथे बारकाईने बघा: गुंडाळीकडच्या टोकापासून हात जिथे आहे तिथपर्यंतच ट्यूब लख्ख उजळते, हाताच्या पलीकडचा भाग मंद राहतो, कारण प्रवाहाला तुमच्या शरीरातून जमिनीकडे जायची वाट मिळालेली असते. मूठ वरखाली सरकवली की उजेडाची सीमाही सरकते. प्रवाह फार थोडा आणि वारंवारिता फार जास्त, म्हणून झटका बसत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र या दालनाबाहेरच थांबावे आणि तसे फेरी सुरू होण्याआधीच सांगावे. मोबाइलही गुंडाळीच्या जवळ नेऊ नका. ट्यूब मोजक्या असतात आणि पुढे उभ्या असलेल्यांनाच मिळतात, त्यामुळे मुले सोबत असतील तर माहितीपट संपताच पुढची जागा धरा.

दुसरा प्रयोग तांब्याच्या अंड्याचा, कोलंबसच्या अंड्याच्या नावाने ओळखला जाणारा. याची गंमत नीट समजली तर इंडक्शन मोटर समजली. एका पसरट तबकाखाली गुंडाळ्या असतात. त्यांतले प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत, एक दुसऱ्याच्या थोडा मागे असतो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. तांबे चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या क्षेत्रामुळे त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात आणि अंडे क्षेत्राच्या मागे ओढले जाते. आधी ते आडवे पडून डगमगते, वेग वाढला की टोकावर उभे राहून गरगरते. प्रवाह बंद केला की कलंडते. घरातला पंखा आणि विहिरीवरचा पंप याच तत्त्वावर चालतो, हे मुलांना तिथेच दाखवून द्यावे.

वस्तूंच्या दालनात सूट, हातमोजे, काठी, प्रवासाची पेटी. त्यापुढे संगमरवरी चौथऱ्यावर सोनेरी गोल, त्यात टेस्लांची राख. 2014 मध्ये हा कलश सेंट साव्हा मंदिरात हलवायचा प्रस्ताव निघाला तेव्हा शहरात मोठा विरोध झाला. विज्ञानाच्या माणसाची जागा संग्रहालयातच, असे विरोधकांचे म्हणणे होते. आमचेही मत तेच. नाराजी एका गोष्टीची आहे: इथल्या दीड लाखाहून जास्त मूळ कागदपत्रांचा संग्रह 2003 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे, आणि सामान्य फेरीत त्यातले फारच थोडे दिसते. माणूस कसा विचार करत होता हे कळत नाही, त्याने काय बनवले तेवढेच कळते. पाचपैकी साडेतीन गुण.

आता आंद्रिच. क्रुन्स्काहून चालत साधारण वीस मिनिटांवर, तेराझिये चौकाजवळ, ‘आंद्रिचेव्ह व्हेनाक’ या पादचारी रस्त्यावर 8 क्रमांकाची इमारत. संग्रहालय वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत आहे आणि बाहेरून ती कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीसारखी दिसते, म्हणून पाटी नीट शोधा. नाटकांसाठी वेशभूषा करणाऱ्या मिलिका बाबिच यांच्याशी 1958 मध्ये लग्न झाल्यावर आंद्रिच इथे राहायला आले आणि 1975 मध्ये मृत्यू होईपर्यंत इथेच राहिले. पुढच्याच वर्षी संग्रहालय उघडले. प्रवेशाची खोली, बैठकीची खोली आणि अभ्यासिका जशीच्या तशी ठेवली आहे, शयनगृहांच्या जागी प्रदर्शन केले आहे. आधी प्रदर्शन पाहा, मग अभ्यासिका. उलटे केले तर टेबल नुसते टेबल वाटते.

प्रदर्शनात 1961 च्या नोबेलचे पदक आणि मानपत्र आहे. बहुतेक लोक तिथेच थांबतात. थांबण्यासारखी जागा खरे तर त्याच्या आधीच्या वर्षांची आहे. 1939 ते 1941 आंद्रिच बर्लिनमध्ये युगोस्लाव्हियाचे राजदूत होते. एप्रिल 1941 मध्ये जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले. परतल्यावर त्यांनी पेन्शन नाकारली, जर्मनांच्या बाजूच्या जाहीर आवाहनावर सही करायला नकार दिला आणि ताबा असेपर्यंत काहीही छापू द्यायचे नाही असे ठरवले. प्रिझ्रेन्स्का रस्त्यावरच्या एका मित्राच्या घरातल्या खोलीत राहून त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. ड्रिना नदीवरच्या पुलाची कादंबरी त्यांतलीच. तिन्ही 1945 मध्ये प्रसिद्ध झाल्या. नोबेलची रक्कम त्यांनी बोस्नियातल्या ग्रंथालयांना पुस्तकांसाठी दिली. हे सगळे डोक्यात ठेवून अभ्यासिकेत गेलात की पुस्तकांची कपाटे आणि ते साधे टेबल वेगळे दिसते. गर्दी नसते, कुणी घाई करत नाही. तिकीट टेस्लाच्या तुलनेत बरेच स्वस्त. पाऊण तास पुरेसा, वाचणाऱ्याला दीड तास. पाचपैकी पाच.

बाहेर पडल्यावर तेराझियेवरच्या हॉटेल मॉस्क्वामध्ये कॉफी घ्यायला हरकत नाही. हॉटेल 1908 चे आहे. तिथला ‘मॉस्क्वा श्निट’ हा केक 1970 च्या दशकातला: बदाम, आंबट चेरी, अननस आणि लोण्याचे क्रीम. अंडे असते, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. जेवायला मात्र कथेड्रलसमोरचे ‘?’ हे जुने भोजनगृह गाठा. चर्चच्या नावावरून पाटी लावायला धर्मगुरूंनी हरकत घेतली म्हणून मालकाने तात्पुरते प्रश्नचिन्ह लावले, तेच कायम राहिले. बुटकी टेबले, बुटक्या तिवया. गुडघे दुखणाऱ्यांनी नेहमीच्या उंचीचे टेबल मागावे. शाकाहारींनी ‘पोस्नो’ हा शब्द पाठ करावा: उपवासाचे, म्हणजे मांस, दूध, अंडे नसलेले. मासा मात्र चालतो, तेव्हा ‘बेझ रिबे’ हेही सांगा. प्रेब्रानात्स हा कांदा घालून भाजलेल्या घेवड्याचा पदार्थ पोटभर होतो, पण त्यात खारवलेले मांस घातले आहे का ते विचारून घ्या. समोरच कथेड्रलच्या दारात दोसितेय ओब्रादोविच आणि व्हुक काराजिच यांच्या कबरी आहेत. एकाने शाळा काढल्या, दुसऱ्याने लिपी सुधारली.

युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष राहिलेल्या टिटोंची समाधी म्हणजे ‘फुलांचे घर’. ते शहराच्या मध्यापासून दूर, टेकडीवर, युगोस्लाव्हिया संग्रहालयाच्या आवारात आहे. बसने जा, 1 जानेवारी 2025 पासून शहरातली बस, ट्राम, ट्रॉलीबस मोफत आहे. पांढऱ्या संगमरवराखाली टिटो, शेजारी 2013 पासून पत्नी योव्हांका. टिटोंच्या वाढदिवसाच्या दौडीत हातोहात नेलेल्या दंडिका पाहण्यासारख्या आहेत: कारखाने, शाळा, खाणी यांनी आपापल्या कामाच्या आकाराच्या बनवलेल्या. 1980 च्या अंत्यविधीला इंदिरा गांधी आल्या होत्या. त्याआधी सप्टेंबर 1961 मध्ये नेहरू इथल्या पहिल्या अलिप्ततावादी परिषदेला आले होते. नव्या बेलग्रेडमध्ये नेहरू आणि महात्मा गांधी या दोघांच्याही नावाचे रस्ते आहेत. त्या काळाची ओढ असेल तर अर्धा दिवस द्या, नसेल तर तास पुरे. पाचपैकी चार.

खिशातल्या नोटा टाकून देण्याआधी पाहून घ्या. 10 दिनारवर व्हुक, 100 वर टेस्ला, 200 वर चित्रकार नादेज्दा पेत्रोविच, 2000 वर हिमयुगांचे गणित मांडणारे मिलुतिन मिलान्कोविच. मिलान्कोविच 1909 पासून बेलग्रेड विद्यापीठात शिकवत होते.

व्हिसाचे एक: भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय प्रवेश 1 जानेवारी 2023 पासून बंद आहे. वैध शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना सवलत मिळते, पण तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा.