सांगलीतील पेशीसंवर्धन प्रशिक्षण : एक अभिप्राय

सांगलीतील एका खासगी प्रयोगशाळेच्या पेशीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या) प्रशिक्षणाचे खरे मोल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेल्या दोन पेट्री डिशमध्ये होते. एकीत उंदराच्या मेंदूतील निरोगी तारकापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) एकमेकींना भिडताच एका थरात वाढ आवरून होत्या. दुसरीत, १९६८ पासून ज्ञात असलेल्या सी-६ या ग्लायोमा (मेंदूतील आधारपेशींच्या कर्करोगाची गाठ) सेल लाइनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या, पेशी मात्र, जागा संपली तरी एकमेकींवर चढत विभाजित होत राहिल्या. सीरम (पेशींच्या वाढीसाठी दिला जाणारा रक्तातील द्रव) कमी केल्यावर निरोगी पेशी मंदावतात आणि कर्कपेशी तितक्या अडत नाहीत, हेही स्वतः पडताळता आले. मऊ अगारमधील (जेलीसारख्या माध्यमात, पृष्ठभागाला न चिकटता होणारी) वाढ केवळ छायाचित्रांवर उरकली, हे शुल्क पाहता खटकले. शिवाय दशकानुदशके डिशमध्ये वाढवलेल्या पेशी रुग्णाच्या गाठीहून वेगळ्या वागू शकतात, ही सूचना कुणी दिलीच नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तरीही जरूर जावे.