ओम्रॉन एचईएम-७१२० : मशीन चांगलं, वही सांभाळा

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात बीपीचं मशीन घ्यायला निघण्याआधी शिंप्याच्या टेपने दंडाचा मध्यावरचा घेर मोजा. या मॉडेलचा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराला चालतो. दंड ३५ सेंमीचा असेल तर पट्टा कसाबसा बसतो, पण आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो आणि नसलेल्या बीपीची गोळी मागे लागते. अशांनी मोठ्या पट्ट्याचंच मशीन घ्यावं.

वापरायला सोपं आहे. चार पेन्सिल सेल टाका, एक बटण दाबा, झालं. उणीव आहे ती मेमरीत. फक्त शेवटचं रीडिंग राहतं, त्यामुळे डॉक्टरांपुढे जातो तो वहीतला आकडा, आणि वहीत नकळत निवड होते. १५८ आले की ‘आत्ताच जिना चढलो’ म्हणून सोडून द्यायचे, १३४ आले की लगेच लिहायचे, १४२ चे १४० करायचे. अशा वहीवरून डोस ठरला तर तो कमीच पडणार! म्हणून जे आलं ते वेळेसकट लिहा, नाहीतर दर वेळी स्क्रीनचा फोटो काढा. बरीच रीडिंग साठवणारं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.

सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोनदा मोजा. पहिला दिवस वगळून उरलेल्या २४ रीडिंगची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ पासून बीपी जास्त धरतात, दवाखान्यात १४०/९० पासून. हे माहीत नसल्याने घरी १३८ आले तरी लोक निर्धास्त राहतात.

चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत पट्टा बांधा. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून आल्या आल्या मोजूच नका.

पट्टा न फुगवता बीपी सांगणाऱ्या स्मार्ट घड्याळांवरून औषध बदलू नका. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना निदानासाठी त्यांची शिफारस करत नाहीत. ठोके अनियमित असतील तर याही मशीनचा एखादा आकडा फसवा निघतो, तेव्हा तीनदा मोजा. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून बघा आणि ज्या दंडावर सातत्याने जास्त येतं, तोच पुढे धरा.