चाळीशी, ऊन आणि दोन कॅमेरे

नाशिकचा २०२७चा सिंहस्थ जवळ येतोय तशी ओळखीतली माणसं पुन्हा कॅमेऱ्याबद्दल विचारायला लागली आहेत. मोबाइल सगळ्यांकडे आहे, पण पर्वणीच्या गर्दीत हात उंच करून काढलेल्या फोटोंनी त्यांचं मन भरत नाही. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांचे भाव ऐकले की हात आखडतो. मग प्रश्न येऊन थांबतो तो इथे: सेकंडहँड बाजारातला जुना, दणकट प्रोफेशनल डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा, की खिशात मावणारा चांगला कॉम्पॅक्ट?

मी हे दोन्ही सहा वर्षं शेजारी शेजारी वापरले. निकॉनचा डी७०० हा डीएसएलआर आणि सोनीचा पहिला आरएक्स१०० हा कॉम्पॅक्ट. एक २००८चा, दुसरा २०१२चा. तुमच्या मनात दुसरी मॉडेलं असतील, तरी पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल असं वाटतं.

मेगापिक्सेलचा हिशेब मांडत नाही. एकाचे बारा, दुसऱ्याचे वीस, आणि घरात भिंतीवर दोघांचे बारा बाय अठराचे प्रिंट शेजारी लावलेत. कुठला कुठला आहे हे पाहुण्यांना सोडा, बायकोलाही ओळखता आलेलं नाही. दिवसाउजेडी दोघेही उत्तम. फरक दिसायला लागतो तो संध्याकाळी. रामकुंडावर गोदाआरती सुरू झाली की ज्योतींचा उजेड प्रखर आणि मागची माणसं अंधारात. डी७००चा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, क्षेत्रफळाने आरएक्स१००च्या सातपटीहून मोठा आहे आणि अशा वेळी ते जाणवतं. ३२०० आयएसओवर, म्हणजे कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता बरीच वाढवली तरी, चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखाच राहतो. कॉम्पॅक्टची लेन्स वाइडला एफ १.८ असल्यामुळे तो पुष्कळ तग धरतो, हेही खरं. पण थोडं झूम केलं की अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, बारीक होत जातं आणि फोकस मागे-पुढे चाचपडायला लागतो. आरती तोवर खाली आलेली असते.

कॉम्पॅक्टच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट आवाज. डी७००चा आरसा उचलला जातो तेव्हा 'खटाक' असा आवाज होतो, आणि तो चार माणसांना ऐकू जातो. काळाराम मंदिराच्या सभामंडपात कीर्तन चालू असताना मी एकदा तो आवाज केला आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. काही बोलले नाहीत. मी कॅमेरा पिशवीत ठेवला तो कीर्तन संपेपर्यंत काढला नाही. आरएक्स१००चं शटर लेन्समध्येच असतं, त्याचा आवाज शेजाऱ्यालाही कळत नाही. दुसरी गोष्ट, माणसं. मोठा कॅमेरा दिसला की घाटावर कुणीतरी विचारतंच, "पेपरातून आले का दादा?" आणि मग सगळे ताठ उभे राहतात. छोट्या कॅमेऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. भद्रकालीच्या भाजीबाजारात मला जे सहज फोटो मिळाले ते सगळे त्याचेच.

वजनाचं सांगायलाच नको. डी७००ची नुसती बॉडी एक किलोला पाच ग्रॅम कमी. मी त्यावर जुनी ५० एमएमची १.८ डी लेन्स लावतो, ती दीडशे ग्रॅमच्या आसपास. बॅटरी धरून सव्वा किलो होतं. ज्यांना २४-७० एफ २.८ झूम हवी त्यांनी आणखी नऊशे ग्रॅमची तयारी ठेवावी. कॉम्पॅक्ट बॅटरी-कार्डासकट दोनशे चाळीस ग्रॅम. हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत हवेत, तिथे गळ्यात सव्वा किलोचा लोलक नको. ट्रेकसाठीच कॅमेरा घेणार असाल तर मी तुम्हाला डीएसएलआर घ्या म्हणणार नाही.

इथवर वाचून वाटेल की मी कॉम्पॅक्टकडे झुकलोय. दोन-तीन वर्षं तसंच होतं. पारडं फिरलं ते एका गोष्टीने, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

मला चाळीशी लागली.

लांबचं अजून लख्ख दिसतं. होळकर पुलावरून उतरणाऱ्या रिक्षाचा नंबर मी घाटावर उभा राहून वाचतो. पण हातातली पावती वाचायची तर चष्मा लागतो. आता आरएक्स१००ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. फोटो काढायचा म्हणजे मागची तीन इंची स्क्रीन चेहऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर धरून पाहायची, आणि नेमकं तेच अंतर माझ्या डोळ्याने सोडून दिलंय. चष्म्याशिवाय स्क्रीनवर रंगांचे पुंजके दिसतात. चौकट कळते, पण फोकस माणसाच्या डोळ्यावर बसला की मागच्या दगडावर, ते कळत नाही. चष्मा लावला तर स्क्रीन स्पष्ट, पण मान वर केली की घाट धूसर. प्रोग्रेसिव्ह काचाही करून पाहिल्या. त्यात जवळचं दिसतं ते खालच्या भागातून, म्हणून हनुवटी वर आणि कॅमेरा छातीशी धरावा लागतो. तसा धरलेला कॅमेरा हलतो.

त्यात उन्हाची भर. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वाहते, म्हणजे एक काठ पूर्वेचा, एक पश्चिमेचा. सकाळी साडेसात-आठला पंचवटीच्या बाजूला उभं राहावं; सूर्य पाठीशी आणि पलीकडच्या पायऱ्या, देवळं, आंघोळीची माणसं सोनेरी उजेडात. घाटावरचा सगळ्यात सुंदर उजेड हाच. आणि पाठीशी असलेला हाच सूर्य थेट स्क्रीनवर पडतो. स्क्रीनचा उजेड वाढवायची सोय आहे, तिने थोडं भागतं. बाकी स्क्रीनमध्ये दिसतो तो आपलाच चेहरा आणि मागचं आभाळ. डाव्या हाताने सावली धरा, उजव्या हातात तो गुळगुळीत, पकड नसलेला कॅमेरा, नाकावर चष्मा. तीन गोष्टी सांभाळताना चौथी, म्हणजे समोर काय चाललंय ते बघणं, राहून जातं.

एक सकाळ मला अजून सलते. दोन बायका ओलं लुगडं वाळवत होत्या. एकीने एक टोक धरलेलं, दुसरीने दुसरं, मध्ये नऊ वार अंजिरी कापड. वारा आला आणि ते शिडासारखं फुगलं. मागून ऊन आल्यामुळे कापडाच्या आतून एका बाईच्या हाताची सावली दिसत होती, बांगड्यांसकट. मी कॉम्पॅक्ट काढला, चालू केला, लेन्स बाहेर आली. शर्टाच्या खिशातून चष्मा काढून लावला. स्क्रीनवर चकाकी होती म्हणून तळव्याने सावली केली. स्क्रीनवर मला दिसलं ते हे: एक बाई लुगड्याची घडी घालतेय आणि दुसरी केसांतलं पाणी झटकतेय.

मी त्यांना पुन्हा धरा असं म्हणालो नाही. तसं म्हणून काढलेला फोटो तो फोटो नसतोच.

डी७००चं व्ह्यूफाइंडर आता कसं वागतं ते सांगतो. त्यातली प्रतिमा डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखी दिसते, नाकासमोर नाही. शिवाय आयपीसजवळ, म्हणजे डोळा टेकवायच्या काचेजवळ, डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याचा नंबर जुळवायचं, बारीक चाक आहे. ते आपल्या डोळ्याप्रमाणे एकदा लावलं की झालं. चष्मा खिशातच राहतो. उजव्या डोळ्याने चौकट लख्ख, चौकटीखाली शटर आणि अॅपर्चरचे हिरवे आकडेही लख्ख, आणि डावा डोळा उघडा ठेवला तर घाट जसाच्या तसा. पाठीवर कितीही ऊन पडू दे, डोळा आयपीसला टेकलाय, तिथे उन्हाचा शिरकाव नाही. कॅमेरा कपाळाला आणि कोपर बरगडीला टेकल्यामुळे हातही कमी हलतो. बटणं मोठी आणि ठरलेल्या जागी असल्यामुळे आयएसओ मी न बघता बदलतो. मेनू उघडायची वेळ महिन्यातून एकदा येते.

काढलेला फोटो मागच्या स्क्रीनवर पाहायचा तर याही कॅमेऱ्यात चष्मा लागतोच. पण ते घरी येऊन करता येतं. फोटो काढतानाचा क्षण तेवढा चष्म्यातून सुटतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

कुणी म्हणेल, पॉप-अप व्ह्यूफाइंडरवाला कॉम्पॅक्ट घ्या. बरोबर आहे. सोनीनेच २०१४च्या आरएक्स१०० मार्क थ्रीपासून तो दिला, त्यालाही डायॉप्टर आहे. मित्राचा आठवडाभर वापरला. कळ दाबून तो वर काढायचा, मग आयपीस मागे ओढायचा, मग डोळा लावायचा. आत दिसतं ते इवलंसं. उन्हाचा प्रश्न सुटतो हे मान्य, आणि वजन परवडत नसेल तर तुमच्यासाठी तोच मधला मार्ग असावा. मला मात्र त्या दोन पायऱ्यांत पुन्हा लुगड्याची घडी होताना दिसली.

दुरुस्तीचं थोडक्यात. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, तिथे मी कॉम्पॅक्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला होता. पाणी शिरलं नाही, पण लेन्सची नळी आत-बाहेर होताना कोरड्या रंगाची भुकटी आत ओढली गेली असावी. तेव्हापासून प्रत्येक फोटोत आभाळाच्या कोपऱ्यात करडा ठिपका येतो. लेन्स निघत नाही, त्यामुळे ब्लोअर मारायलाही जागा नाही. दुरुस्तीवाल्याने सगळं खोलावं लागेल म्हणून सांगितलं आणि जो खर्च सांगितला त्यात तसाच जुना दुसरा आला असता. डी७००च्या सेन्सरवरही धूळ बसते, बसतेच. लेन्स काढायची, आरसा वर करायचा, ब्लोअरने दोन फुंकरा मारायच्या. पावसात गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागलं की आम्ही सगळेच बघायला जातो. तिथे लेन्सवर पिशवी बांधून बॉडी तास-तास भिजवली आहे. पुसली, पुढच्या दिवशी कामाला.

व्हिडिओ लागणार असेल तर मात्र डी७००चा विचार इथेच सोडा. त्यात व्हिडिओ नाहीच. रील करणाऱ्या पोरांना मी तो सुचवत नाही, आणि तिशीतल्या तीक्ष्ण डोळ्यांच्या माणसालाही छातीठोकपणे सुचवणार नाही. माझा कॉम्पॅक्ट आता मुलगी वापरते. ती स्क्रीन कोपरभर लांब धरते, भर उन्हात कशी कोण जाणे सगळं बघते, आणि अंजनेरीच्या डोंगरावरून असे फोटो आणते की मी दोनदा पाहतो.

पण तुमची पंचेचाळिशी उलटली असेल, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला बाटली लांब धरावी लागत असेल, आणि घाटावर उन्हात उभं राहून माणसांचे फोटो काढायचे असतील, तर पैसे देण्याआधी एवढं करून पाहा. दोन्ही कॅमेरे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दारात उन्हात या. सूर्याकडे पाठ करा, चष्मा काढा, आणि रस्त्यावरून चालत येणाऱ्या एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर फोकस बसला की नाही ते ओळखून दाखवा.

जुना डी७०० घेताना बाकी पाहायचं ते असं. कार्डाचं झाकण उघडून आतल्या पिना टॉर्चने बघा. सीएफ कार्ड (या कॅमेऱ्याचं जुन्या पद्धतीचं मेमरी कार्ड) तिरकं घुसवलं तर पिन वाकते आणि ती दुरुस्ती महाग पडते. पकडीचं रबर सुटलेलं असतं, ते चिकटवता येतं, त्यावरून भाव पाडून घ्या. एक फोटो काढून फाइल घरी आणा, शटर किती वेळा पडलंय तो आकडा फाइलच्या माहितीत निघतो. कंपनीने दीड लाख वेळांपर्यंत चाचणी केलेली आहे, म्हणून साठ-सत्तर हजार वेळा पडलेल्या शटरला घाबरू नका. सोबत बॅटरी कुठली देतोय ते विचारा, अस्सल आता सहज मिळत नाहीत.

आणि व्ह्यूफाइंडर धूसर दिसलं म्हणून लगेच परत ठेवू नका, आधीच्या मालकाच्या डोळ्याला लावलेलं असेल. चाक फिरवा. फिरवताना समोरचा रस्ता बघू नका, चौकटीखालचे हिरवे आकडे बघा. त्यांच्या कडा धारदार झाल्या की हात थांबवा.