जुना सहाय्यक: नव्या हेड कोचच्या किती कामाचा?

फुटबॉल संघात नवा हेड कोच आला की आधीच्या कोचचा सहाय्यक ठेवावा का? या व्यवस्थेला माझे पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण निष्ठेच्या प्रश्नासाठी. अख्खा स्टाफ नव्हे, एखाददुसरा जुना माणूस ठेवला तर ही व्यवस्था उत्तम चालते. कुणाचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) वारंवार धरतो, कुणाला चारचौघांत बोललेलं खपत नाही, कॉर्नर किकला गोलच्या पहिल्या खांबापाशी कोण हमखास गाफील राहतो, हे त्याला फाइल न उघडता माहीत असतं.

2013 मध्ये डेव्हिड मॉयेस यांनी मँचेस्टर युनायटेडमध्ये स्वतःची माणसं आणली. जुन्या स्टाफमधले माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन, गोलकीपिंग कोच एरिक स्टील गेले. गतविजेता संघ सातवा आला, मॉयेस तर त्याआधीच बाहेर. कारण तेवढंच नव्हतं म्हणा. उलट पेप ग्वार्दिओलांनी 2016 मध्ये मँचेस्टर सिटीत आल्यावर जुने सहाय्यक ब्रायन किड यांना ठेवलं, सोबत आपले विश्वासूही आणले.

बिघडतं कुठे? हेड कोचपदासाठी डावललेला सहाय्यक ठेवला, की बाकावरचे खेळाडू गाऱ्हाणी त्याच्याकडे नेतात. शिवाय प्रेसिंगची (चेंडू हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकण्याची) पद्धत बदलली तरी जुन्या सूचना तोंडात बसलेल्या असतात: कोच म्हणतो चढा, हा ओरडतो मागे या! म्हणून पहिल्याच आठवड्यात सेट पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) कुणाचे, सामन्यात टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, कोण बोलणार, हे लेखी ठरवा.