रॅम घालायची, हीप वाढवायची की गळती शोधायची?

गुजरीतल्या एका सराफी दुकानात मी लिहिलेलं स्टॉकचं जावा सॉफ्टवेअर चालतं. सकाळी झकास. संध्याकाळी गिऱ्हाईक दाटलं, की ‘आउट ऑफ मेमरी’. शेठ म्हणाले, “नवी रॅम घालूया की, हाय काय अन् नाय काय!”

रॅमचं गणित असं. वेगळं काही सांगितलं नसेल, तर जावा मशीनच्या रॅमचा साधारण चौथा हिस्सा हीपची (प्रोग्रॅमला डेटा ठेवायला मिळणाऱ्या मेमरीची) कमाल मर्यादा धरतं. 8 जीबीला 2 जीबी. पण प्रोग्रॅमच्या शॉर्टकटमध्ये एक्सएमएक्सचा (-Xmx, म्हणजे हीपची कमाल मर्यादा ठरवणारा) आकडा आधीच बांधलेला असेल, तर नवी रॅम नुसती पडून राहते. आणि जावा 32 बिटचं असेल, तर विंडोजवर दीड जीबीच्या आसपासच गाडी अडते. खर्चाआधी एवढं तपासा.

एक्सएमएक्स वाढवणं फुकटात, पाच मिनिटांत होतं. डेटा खरोखरच मोठा असेल तर तेच करा. तसं आहे का, हे व्हिज्युअलव्हीएम या जावाची मेमरी दाखवणाऱ्या टूलच्या आलेखात दिसतं: जावाच्या गार्बेज कलेक्टरनं कचरा (वापरात नसलेला डेटा) उचलल्यावर मेमरीची रेषा दर वेळी त्याच तळाला येत असेल, तर जागाच कमी आहे. तळ तासातासाला वर सरकत असेल, तर गळती, म्हणजे काम संपलेला डेटाही प्रोग्रॅम सोडत नाही. मग हीप वाढवून चारचा क्रॅश सातला होईल, एवढंच.

आमचा तळ सरकत होता. म्हणून मेमरी संपताच हीप डंप (हीपमधल्या सगळ्याची नक्कल असलेली फाइल) पडेल असा पर्याय लावला आणि ती फाइल एक्लिप्स मॅट या तपासणीच्या टूलमध्ये उघडली. (फाइल हीपएवढी मोठी होते, आणि तिच्यात गिऱ्हाइकांची नावंही असतात, ऊठसूट कुणाला पाठवू नका.) चोर निघाला साज-ठुशीचे फोटो साठवणारा एक स्टॅटिक मॅप, म्हणजे प्रोग्रॅम चालू असेपर्यंत मेमरीत राहणारा साठा. मोबाइलचा 4000 बाय 3000 फोटो डिस्कवर तीन-चार एमबी. मेमरीत उलगडला, की पिक्सेलला 3 बाइट धरून 36 एमबी. खिडकी बंद केली तरी मॅप फोटो धरून ठेवणार, मग गार्बेज कलेक्टर तरी काय उचलणार? पन्नास-साठ दागिने दाखवले, की 2 जीबी खलास. लाज वाटली, कारण मॅप माझाच.

यादीसाठी 200 बाय 150 चं छोटं चित्र ठेवलं, 90 केबीचं. मोठा फोटो मागितला तरच उघडायचा. दोन दिवसांचं काम. तोवर दुकान अडू नये म्हणून एक्सएमएक्स 3 जीबी केलं होतं. 8 जीबीत याहून फार जास्त दिलं, तर रॅम अपुरी पडून विंडोज डिस्कवर घासत बसू शकतं.

शेठनी रॅम तरीही घातलीच. बिलिंगवाल्या पोराचा ब्राउझर आता पळतो.